परदेशात सेवेला जायचंय: सहा आठवडे, एक वर्ष की यूएन?

देवी अहिल्या विद्यापीठाची पदवी हातात पडली, नोकरीचं किंवा पुढच्या अॅडमिशनचं अजून नक्की नाही, आणि मनात आहे की काही काळ परदेशात जाऊन उपयोगाचं काही करावं. इंदुरातल्या मराठी घरात हे बोलून दाखवलं की आई विचारते, "ते पैसे देणार की घेणार?" आणि बाबा विचारतात, "मग एमबीएचं काय?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिला तर इतका नेमका आहे की निम्मी निवड त्यावरच होते.

आधी थोडी छाटणी करू. नेटवर शोधलं की पीस कोअर सगळ्यात वर येतं. १९६१ साली सुरू झालेली, स्वयंसेवक परदेशात पाठवणारी अमेरिकी सरकारची ही योजना फक्त अमेरिकी नागरिकांसाठी आहे, तेव्हा तिच्यावर वेळ घालवू नका. जायका या जपान सरकारच्या परदेशी मदतीच्या संस्थेचे स्वयंसेवकही जपानीच असतात. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'ला कामाचा अनुभव असलेली माणसं हवी असतात. नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलामुलींसाठी मुख्यतः तीन वाटा उरतात.

पहिली वाट आयसेकची. १९४८ पासून चालत आलेली ही विद्यार्थ्यांची संघटना १८ ते ३० वयाच्या तरुणांना सहा ते आठ आठवड्यांसाठी परदेशातल्या प्रकल्पांवर पाठवते. काम बहुधा शाळेत इंग्रजी शिकवणं, पर्यावरणाचे उपक्रम, शिबिरं अशा स्वरूपाचं. शुल्क भरावं लागतं, विमानाचं तिकीट आणि व्हिसा तुमच्या खिशातून. राहण्याची सोय सहसा होते. इथे आईला प्रामाणिक उत्तर द्या: घेणार. सहा आठवड्यांत तुम्ही शाळेचा रस्ता शिकता, मुलांची नावं पाठ होतात आणि निघायची वेळ येते. तुमच्यामागून दुसरा येतो आणि पुन्हा नावांपासून सुरुवात करतो. त्यामुळे तिथल्या मुलांपेक्षा जाणाऱ्याचा फायदा जास्त, असं माझं मत आहे. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत बसतं, एकटं राहायची भीती जाते, वेगवेगळ्या देशांचे मित्र होतात. एवढ्यासाठी जायचं असेल तर खुशाल जा. त्याला समाजसेवेचा मुलामा द्यायची गरज नाही.

दुसरी वाट जर्मनीची, आणि ती आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहे. जर्मन सरकारच्या मदतीने चालणारी 'वेल्टवेर्ट्स' योजना २००८ साली जर्मन तरुणांना बाहेर पाठवण्यासाठी सुरू झाली. २०१३ पासून उलटी वाहतूकही होते: भारतासारख्या देशांतले तरुण जर्मनीत वर्षभर काम करतात. काम बालवाडीत, वृद्धाश्रमात, दिव्यांगांच्या संस्थेत. राहणं, विमा आणि महिन्याचा हातखर्च मिळतो, वर्षभरात प्रशिक्षणाचे सुमारे २५ दिवस असतात. परस्पर अर्ज मात्र करता येत नाही. इथली पाठवणारी संस्था आणि तिथली घेणारी संस्था यांची जोडी लागते. थोडीफार जर्मनही आधी शिकावी लागते.

या वर्षाचं खरं स्वरूप जाहिरातीत दिसत नाही. आपण 'मदत करायला' म्हणून निघतो आणि पहिले काही महिने मदत लागते ती आपल्यालाच. चार वर्षांचं पोर आपलं जर्मन सुधारतं. आजींना अंघोळ घालायची, जेवण भरवायचं, चादरी बदलायच्या. घरी चहाचा कप न विसळलेल्या मुलाला हे जड जातं (मुलींना कमी जड जातं, आणि त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही). डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो, रविवारी दुकानं बंद. शाकाहारी असाल तर स्वतः रांधायला शिकून जा. ब्रेड-चीजवर वर्ष निघत नाही. ज्याला घरची आठवण आली की लगेच परतायचं असतं त्याने जाऊ नये. पण वर्षभर एकाच ठिकाणी राहिल्यामुळे शेवटच्या महिन्यांत तिथल्या लोकांना खरोखर तुमचा उपयोग होतो. सहा आठवड्यांत ते शक्यच नाही.

तिसरी वाट संयुक्त राष्ट्रांची. १९७० मध्ये आमसभेच्या ठरावाने उभ्या राहिलेल्या 'यूएन व्हॉलंटियर्स'चं मुख्यालय जर्मनीतल्या बॉन शहरात आहे. १८ ते २६ वयोगटासाठी 'युथ' हा वेगळा वर्ग आहे. निर्वाह भत्ता, प्रवासखर्च, विमा, रजा सगळं मिळतं, म्हणजे आईच्या प्रश्नाला सगळ्यात चांगलं उत्तर हेच. अडचण ही की यातल्या बऱ्याच जागांचा खर्च एखादं सरकार आपल्याच नागरिकांसाठी उचलतं, त्यामुळे जाहिरातीत राष्ट्रीयत्वाची अट आधी वाचा. ज्या खुल्या असतात त्यांच्यासाठी स्पर्धा मोठी. पदवीच्या जोडीला अकाउंट्स, डेटा, जीआयएस (संगणकावर नकाशे आणि माहिती जोडण्याचं तंत्र), फ्रेंच यांतलं एखादं कौशल्य पक्कं हवं.

कौशल्याचं महत्त्व जुनंच आहे. अमेरिकेचे पुढे अध्यक्ष झालेले जिमी कार्टर यांच्या आई लिलियन १९६६ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, पीस कोअरतर्फे विक्रोळीत आल्या होत्या. नेमलं होतं कुटुंब नियोजनाच्या कामाला. खरा उपयोग झाला तो दवाखान्यात, कारण त्या प्रशिक्षित नर्स होत्या.

एक वाट मात्र सरळ टाळा: पैसे भरून परदेशी अनाथाश्रमात दोन-तीन आठवडे 'मुलांना माया द्यायला' जाण्याची. कंबोडियातल्या अशा संस्थांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं पाहणीत दिसलं आहे. पाहुणे पैसे आणतात म्हणून मुलं भरली जातात. २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना ऑस्ट्रेलियाने अनाथाश्रमांसाठी होणाऱ्या मुलांच्या या तस्करीचीही दखल घेतली.

मग निवडायचं कसं? वर्ष मोकळं असेल आणि अंगमेहनतीची लाज नसेल तर जर्मनी. भाषेच्या क्लासला आत्ताच नाव घाला, कारण निवड आणि व्हिसा यांत बरेच महिने जातात. नोकरी हातात असेल तर ती दोन वर्षं करा आणि मग यूएनचे अर्ज भरा. तोवर त्यांचं ऑनलाइन काम घरबसल्या करता येतं: आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, १२ आठवड्यांपर्यंत, खर्च शून्य. भाषांतर, डिझाइन, माहिती गोळा करणं अशी कामं असतात आणि ती अर्जात दाखवता येतात. आणि परदेशाचा हट्ट नसेल, काम खेड्यातच करायचं असेल, तर एसबीआयची 'युथ फॉर इंडिया' ही १३ महिन्यांची फेलोशिप बघा. झाबुआ-अलीराजपूर आपल्यापासून काही तासांवर आहे, तिथली भाषा तुम्हाला लवकर जमेल, आणि एमबीएच्या मुलाखतीत हे वर्ष परदेशातल्या वर्षाइतकंच बोलतं. बाबांना हे शेवटचं आधी सांगा.