कास्टिंग तपासणारा कॅमेरा: बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीने घ्यावा का?

मोटार कंपन्यांच्या कारखान्यांत कृत्रिम बुद्धिमत्ता तपासणीच्या कामात चांगली रुळली आहे. ऑडीने इंगोलश्टाटच्या प्रेस शॉपमध्ये पत्र्यावरच्या बारीक चिरा कॅमेऱ्याने शोधायचं तंत्र २०१८ मध्येच जाहीर केलं. त्यांच्याच नेकार्सउल्मच्या कारखान्यात एका पाळीत ३०० गाड्यांवरचे सुमारे १५ लाख स्पॉट वेल्ड संगणक तपासतो. आता याच जातीची यंत्रं उद्यमबाग, मच्छे, होनगा भागातल्या कास्टिंगवाल्यांना (साच्यात लोखंड ओतून सुटे भाग करणाऱ्यांना) विकली जात आहेत. आमचं मत आधीच सांगतो: मशिनिंग झालेल्या पृष्ठभागासाठी जरूर घ्या, कच्च्या कास्टिंगसाठी एवढ्यात नको.

नेहमीच्या संचात ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा, लेन्स, लाइट, ग्राफिक्स कार्डाचा संगणक, पीएलसी (यंत्राच्या हालचाली चालवणारा नियंत्रक) आणि खराब नग बाजूला ढकलणारा न्युमॅटिक सिलिंडर असतो. विकणारा सॉफ्टवेअरबद्दल भरभरून बोलतो, पण निकाल ठरतो तो लाइटवर. फेसिंग केलेला (तोंड सपाट कातलेला) फ्लायव्हील आरशासारखा चमकतो. त्यावर साधा रिंग लाइट टाकला तर मधोमध पांढरा डाग पडतो आणि पिन होल (टाचणीएवढं छिद्र) त्यातच लपतं. इथे चहूबाजूंनी मऊ प्रकाश देणाऱ्या डोम लाइटसारखा लाइट हवा. बर (कडेला उरलेली धातूची धार) आणि ओरखडे पाहायचे असतील तर कडेने, कमी कोनातून येणारा प्रकाश लागतो. दोन्ही कामं एका लाइटवर भागवतो म्हणणाऱ्याकडून आपल्याच नगांवर प्रात्यक्षिक करून घ्या.

पिक्सेलचा हिशेबही आपणच करावा. २४४८ पिक्सेल रुंदीच्या चित्रात २४५ मिलिमीटरचा नग बसवला तर एक पिक्सेल म्हणजे ०.१ मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरचं पिन होल पाच पिक्सेलचं झालं, तेवढं पकडता येतं. ड्रॉइंगवर ०.२ मिलिमीटरची मर्यादा असेल तर हा कॅमेरा पुरणार नाही; दोन कॅमेरे लावा किंवा नग फिरवून भागाभागाने चित्रं घ्या.

कच्च्या कास्टिंगला नको का म्हणतो? शॉट ब्लास्टिंगनंतरचा (छर्‍यांच्या माऱ्याने साफ केल्यावरचा) पृष्ठभाग मुळातच खडबडीत असतो. तिथे सावली कुठली आणि ब्लो होल (वायूने पडलेलं छिद्र) कुठलं, हा फरक यंत्राला शिकवायला फार चित्रं लागतात. शिवाय कातडीखालची पोकळी आणि आतलं श्रिंकेज (धातू आकसून पडलेली पोकळी) कॅमेऱ्याला दिसतच नाही. एसजी आयर्नची नोड्युलॅरिटी (आतलं ग्राफाइट कितपत गोल आहे ते) तर सूक्ष्मदर्शकाखाली किंवा अल्ट्रासॉनिकनेच पाहावी लागते.

आपल्याकडचा मोठा शत्रू पाऊस. मार्च-एप्रिलमध्ये शिकवलेलं यंत्र जूनमध्ये चांगले नग फेकायला लागतं, कारण ताज्या मशिनिंगवर काही तासांत तांबूस झाक येते आणि ती त्याने कधी पाहिलेलीच नसते. म्हणून कॅमेरा मशिनिंगनंतर लगेच आणि गंजरोधक तेल मारण्याआधी बसवा, आणि पावसाळ्यातली चित्रं शिकवणीत घाला. नगावरची कूलंट आणि चिप्स उडवायला एअर नोझल लागतो. त्या हवेत पाणी आलं तर थेंबच दोष म्हणून दिसतात. लाइनवर ड्रायर आणि फिल्टर नसेल तर आधी त्याची सोय करा.

शिकवणीसाठी चांगले नग ढिगाने मिळतात, खराब मिळत नाहीत. त्यामुळे ऑर्डर देण्याच्या निदान तीन महिने आधीपासून रिजेक्शनचे नग वितळवायला न पाठवता दोषानुसार वेगळे ठेवा. पास-नापासच्या सीमेवरचे नग त्यात सगळ्यांत मोलाचे, कारण वाद तिथेच होतो. सुरुवातीचे तीन-चार आठवडे सिलिंडर बंद ठेवून यंत्राला नुसतं मत देऊ द्या आणि ते तपासनिसाच्या मताशी ताडून पाहा. तपासनिसांची जशी ५० नग, तीन फेऱ्या अशी एमएसए (तपासणी पद्धतीचीच पारख) चाचणी होते, तशीच यंत्राचीही घ्या. दर पाळीला एक ठरलेला खराब नग मुद्दाम सोडून तो पकडला जातो का पाहावं. लेन्सवर तेलाची धूर-वाफ बसली की ती अशीच कळते.

या यंत्राचा खरा फायदा मात्र हीट नंबरशी (एका वेळी वितळवलेल्या लोखंडाच्या क्रमांकाशी) जोडल्यावर मिळतो. ब्लो होल एका हीटच्या शेवटच्या साच्यांतच वाढले तर लेडलमधलं (ओतायच्या भांड्यातलं) लोखंड थंड झालेलं असण्याची शक्यता जास्त. सगळ्या हीटमध्ये सारखेच आले तर वाळूतला ओलावा किंवा कोअरचा (साच्यात ठेवलेल्या वाळूच्या गाभ्याचा) बाइंडर तपासा. अडचण अशी की हीट नंबर कास्टिंगवर असतो, पण साच्याचा क्रम शॉट ब्लास्टिंगच्या ढिगात हरवतो. ओतण्याच्या क्रमाने पहिला, मधला, शेवटचा असे तीन गट वेगळ्या ट्रॉल्यांत ठेवून ब्लास्टिंगही वेगवेगळं केलं तरी पुष्कळ उलगडा होतो. एवढी शिस्त नसेल तर महागडा कॅमेरा भंगार मोजण्यापुरताच उरतो, आणि भट्टीवाल्याला त्यातून काहीच कळत नाही.

स्क्रीनवरचे संदेश बहुधा इंग्रजीतच येतात. येळ्ळूर, अनगोळ, मजगावहून येणारी मुलं मराठी आणि कन्नड दोन्ही बोलतात. दोन्ही भाषा, आणि दोषांची नावं शॉपमध्ये बोलतात तीच, असं ऑर्डरमध्ये लिहून घ्या. नवा नग आला की यंत्राला आपल्या माणसाने शिकवायचं की दर वेळी पुण्या-बंगळूरहून इंजिनिअर येणार, आणि साठवलेली चित्रं कोणाच्या मालकीची, हेही अॅडव्हान्स देण्याआधी त्याच कागदावर यायला हवं.