सव्वा तासाच्या कँडलपायी: घरचं चार्टिंग, काही महिने वापरल्यावर

शेअरच्या भावांचे आलेख दाखवणारं विकतचं चार्टिंग सोडलं आणि घरीच बनवलं, ते दोन कारणांनी. एक वर्गणी: भाव डॉलरमध्ये, वर १८ टक्के जीएसटी, वर कार्डवाल्यांचा आकार, आणि नूतनीकरणाच्या वेळी आकडा गुपचूप वाढलेला. दुसरं कारण सव्वा तासाची कँडल, म्हणजे तेवढ्या वेळातला उघडता, वरचा, खालचा आणि बंद भाव दाखवणारी चार्टवरची उभी काडी. मोठं कारण हे कँडलचंच.

आपला बाजार ९:१५ ते ३:३०, म्हणजे ३७५ मिनिटं. तासातासाचे तुकडे पाडले की सहा पूर्ण निघतात आणि सातवा उरतो १५ मिनिटांचा. हा ३:१५ चा तुकडा चार्टवर बाकीच्यांएवढीच जागा अडवून बसतो, आणि आरएसआय (भावाच्या चढउताराचा जोर मोजणारा आकडा), मूव्हिंग ॲव्हरेज (सरकती सरासरी) त्याला पूर्ण तासाचा मान देतात. ७५ मिनिटं घेतली की पाच सारख्या कँडल, बाकी शून्य. १२५ घेतली तर तीन. पाचवीतलं पोर करेल असा भागाकार. पण माझ्या प्लॅनमध्ये ६० नंतर थेट १२०. मिनिटं आपण टाकायची तर वरचा प्लॅन घ्या. ग्राहकसेवेचं उत्तर दरवेळी तेच, ‘तुमची सूचना संबंधितांकडे पाठवली आहे’. एका आकड्यासाठी जवळजवळ दुप्पट पैसे? नाही देणार.

भाचा हिंजवडीत वेबचं काम करतो. म्हणाला, “मामा, चार्ट काढायला एक शनिवार पुरे. डेटा कुठनं आणणार ते सांग.”

चार्ट खरंच शनिवारभरात झाला. लाइटवेट चार्ट्स ही ट्रेडिंगव्ह्यू या चार्टिंग कंपनीची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, मोफत आहे, अपाची २.० या खुल्या परवान्याची, त्यांचा उल्लेख ठेवावा लागतो. तिच्यात टाइमझोनची सोय नाही, सगळं यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेत. म्हणून प्रत्येक वेळेत १९,८०० सेकंद मिळवायचे, नाहीतर बाजार पहाटे पावणेचारला उघडतो. मिनिटांचा डेटा ब्रोकरच्या एपीआयवरून, म्हणजे आपल्या प्रोग्रॅमला थेट डेटा देणाऱ्या सोयीवरून. त्याचं टोकन, म्हणजे प्रवेशाची किल्ली, रोज संपतं, रोज सकाळी लॉगिन. चहा उकळेपर्यंत होतं, त्याबद्दल तक्रार नाही. जुन्या लिनक्स लॅपटॉपवर सव्वा तासाच्या पाच कँडल बघितल्या आणि तेव्हा कुणी विचारलं असतं तर पाच तारे दिले असते.

मग रिलायन्सचा दैनिक चार्ट उघडला. ऑक्टोबर २०२४ मध्ये १:१ बोनस झाला (एका शेअरवर एक फुकट), भाव एका रात्रीत निम्मा. विकतच्या चार्टवर हे जाणवत नाही, कारण मागचे सगळे भाव कुणीतरी आधीच निम्मे करून ठेवलेले असतात. मी एनएसईच्या भावकॉपीच्या (एक्स्चेंजच्या रोजच्या भावयादीच्या) फायली एकापुढे एक जोडल्या होत्या. तिथे सरळ कडा, आणि २०० दिवसांची सरासरी पुढे कित्येक महिने खोटी. नेस्लेचे जानेवारी २०२४ मध्ये एका शेअरचे स्प्लिट होऊन दहा झाले, तिथे तर बघवत नाही. आता बोनस-स्प्लिटची वही मी ठेवतो. वर्गणीतले पैसे त्या ‘कुणीतरी’साठी असतात, हे मान्य. त्यामुळे तीन तारे.

मिनिटांच्या डेटावरून दिवसाची कँडल बांधली, तर बंद भाव भावकॉपीशी जुळेना. भाच्याने कोड उलटापालटा केला. कोड बरोबर होता. भावकॉपीतला बंद भाव म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची भारित सरासरी (मोठ्या सौद्याला जास्त वजन); ३:३० चा शेवटचा सौदा वेगळा. आरएसआयचंही तसंच. तो काढायची वाइल्डरची (आरएसआय शोधणाऱ्याची) पद्धत मागचं थोडंथोडं धरून ठेवते, त्यामुळे १०० कँडलवरून काढलेला आकडा आणि हजारावरून काढलेला आकडा एक येत नाही.

गुरुवारी महावितरणची दुरुस्ती निघाली की राउटर बंद, डेटात भोक. नंतर भरून घ्यायचं.

दिवाळीनंतरची भर: २०२५ चं मुहूर्ताचं ट्रेडिंग २१ ऑक्टोबरला दुपारी १:४५ ते २:४५ झालं. आमच्या मोजणीत एक कँडल २:१५ ला संपते. म्हणजे तासाचे बरोब्बर दोन अर्धे तुकडे! भाचा म्हणाला, “वर्षातून एक तास आहे रे मामा, सोड ना.” सोडलं नाही. खास सत्रांची वेगळी यादी करून घेतली. १ फेब्रुवारी २०२५ चा बजेटचा शनिवारही त्यात घातला.

ज्यांचं ठरायचंय त्यांच्यासाठी: दहा-बारा शेअर बघायचे असतील तर ब्रोकरच्या ॲपमधला चार्ट पुरतो, बनवू नका, विकतही घेऊ नका. ॲमीब्रोकर या चार्टिंग सॉफ्टवेअरचा परवाना एकदाच घ्यायचा, कँडल हव्या तेवढ्या मिनिटांची. पण ते विंडोजवर चालतं आणि डेटा वेगळा घ्यावा लागतो. चार पोरांचं ऑफिस असेल तर सरळ विकत घ्या. आणि बनवलेलं दुसऱ्याला वापरायला द्यायचं मनात असेल तर थांबा, एक्स्चेंजचा डेटा पुढे वाटायला परवाना लागतो. सोसायटीतल्या काकांनी लिंक मागितली होती, दिली नाही. रागावलेत.

या हिशोबात भाच्याचे तास धरलेले नाहीत. बाजारभावाने धरले तर वरचा प्लॅन कित्येक वर्षं चालला असता. मी त्याला रविवारची मिसळ देतो. लायब्ररीच्या पाचव्या आवृत्तीत कँडल मांडायची आज्ञाच बदलली आहे आणि तो आता वर्षभरासाठी जर्मनीला निघालाय. तूर्त चौथ्याच आवृत्तीवर थांबलोय, आणि आज्ञा कुठे बदलायची ते त्याच्याकडून वहीत उतरवून घेतलंय.