घड्याळ बघून कोड लावायचा की निर्णय बघून?

अमेरिकेत नव्याने फॅमिली प्रॅक्टिस सुरू केलेल्या डॉक्टरांचे चार्ट मी पुण्यात बसून तपासते. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: जुन्या पेशंटच्या व्हिजिटला बिलाचा कोड ९९२१३ लावू की ९९२१४? (आकडा जितका वरचा, तितके पैसे जास्त.) हिस्टरी किती लांब लिहिली, किती अवयव तपासले, यावर १ जानेवारी २०२१ पासून कोडची लेव्हल ठरत नाही. एकतर डॉक्टरने त्या दिवशी दिलेला एकूण वेळ धरायचा, नाहीतर निर्णय किती गुंतागुंतीचा होता ते, म्हणजे एमडीएम. दर व्हिजिटला यातलं जे सोयीचं ते घ्यायची मुभा आहे.

वेळेचा हिशेब सरळ आहे. २० मिनिटं भरली की ९९२१३, ३० ला ९९२१४, ४० ला ९९२१५. आधीचे रिपोर्ट चाळणं, ऑर्डर टाकणं, नोट लिहिणं हेही धरतात, पण त्याच तारखेचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुरी केलेली नोट यात येत नाही. नर्सची मिनिटं येत नाहीत, आणि ज्याचं वेगळं बिल लावलंय त्या ईसीजीचा वेळही वजा करायचा.

एमडीएममध्ये तीन रकाने: आजार, तपासलेली माहिती आणि जोखीम. तिन्हींपैकी दोन त्या पातळीला पोचले की झालं. समजा मधुमेह आणि बीपी दोन्ही आटोक्यात आहेत आणि तुम्ही विचार करून मेटफॉर्मिन, लिसिनोप्रिल त्याच डोसवर ठेवलंत. दोन स्थिर जुनाट आजार, वर औषधाचा निर्णय. दोन्ही रकाने मध्यम पातळीचे, म्हणून हे ९९२१४ आहे, पेशंट १४ मिनिटांत बाहेर पडला तरी! घड्याळ धरणारे इथे ९९२१२ लावून मोकळे होतात. ते बघून मला खरंच वाईट वाटतं. हात बसला म्हणून काम लवकर झालं, आणि नेमकं त्याचंच नुकसान.

यात ‘स्थिर’ हा शब्द फसवतो. उद्दिष्ट ७ चं आणि ए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) वर्षभर ९ वर अडकलेलं असेल तर तो मधुमेह स्थिर नाही, आणि आजाराचा रकाना त्याच्या एकट्यावर मध्यम पातळीला जातो. मात्र नुसतं ‘रिफिल दिली’ लिहून भागत नाही. काय बघून औषध चालू ठेवलं, ती एक ओळ हवीच.

मग घड्याळ कधी? बोलण्यात वेळ गेला तेव्हा. नैराश्याच्या पेशंटशी ४२ मिनिटं गेली तर वेळेवर ९९२१५ मिळतो. एमडीएमवर बहुधा ९९२१४ वरच थांबावं लागलं असतं. फक्त दर नोटेत ‘३० मिनिटं’ चिकटवू नका. २२ पेशंटांचे ११ तास होतात, आणि ऑडिटर ही बेरीज करतात.

माझा सल्ला: सवय एमडीएमची ठेवा, वेळ लागेल तिथेच नोंदवा. मेडिकेअरचा (तिथल्या सरकारी विम्याचा) जी२२११ हा जादा कोड दोन्ही वाटांनी लावता येतो, त्याचा इथे विचार नको.

नव्या पेशंटचे कोड वेगळे, आणि तिथे दोन वाटांमधलं अंतर आणखी वाढतं. वर सांगितलेलाच मधुमेह-बीपीचा पेशंट पहिल्यांदा आला आणि २५ मिनिटं लागली, तर वेळेने ९९२०२, एमडीएमने ९९२०४.