पावतीवर विद्यापीठाचं नाव नव्हतं

माझ्याकडे पाच पावत्या आहेत. बेरीज २,९४,५०० रुपये. पाचही पावत्यांवर एका शैक्षणिक ट्रस्टचं नाव आणि निळा शिक्का आहे. ज्या विद्यापीठाची पदवी मला मिळणार होती, त्याचं नाव एकीवरही नाही. हे माझ्या लक्षात यायला सव्वा वर्ष लागलं. बाबांच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं, पण ते आठवीपर्यंत शिकलेले. त्यांना वाटलं, कॉलेजच्या पावत्या अशाच असतात.

आम्ही मालवण तालुक्यातले. बाबांची भागीत एक फायबरची होडी आहे. मला समुद्रविज्ञानाचं वेड लागलं ते त्यांच्या मोबाइलवर येणाऱ्या मेसेजमुळे. हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे केंद्र सरकारचं समुद्र माहिती केंद्र, उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि हरितद्रव्य बघतं आणि मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे ते कळवतं. अमुक दीपगृहापासून अमुक दिशेला, इतक्या किलोमीटरवर, इतक्या खोलीवर. बाबा वाचायचे आणि दरवेळी म्हणायचे, "हैदराबादेत दर्या खय आसा? आणि तेंका आमचे माशे दिसतत!" मला मात्र ते काम करणाऱ्या माणसांत जाऊन बसायचं होतं.

८ जून २०२२ ला बारावीचा निकाल लागला. सायन्सला ७१ टक्के. १ जूनपासून मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, त्यामुळे बाबा मोकळे होते आणि खिसाही मोकळाच होता. कुडाळला शैक्षणिक मेळावा भरला होता, तिथे गेलो. एका टेबलावर मोठ्या जहाजाचं चित्र आणि खाली अक्षरं : बी.एस्सी. ओशनोग्राफी, तीन वर्षं. टेबलामागचे 'सर' पहिलंच वाक्य बाबांना उद्देशून बोलले, "काका, मुलगी सायंटिस्ट होणार तुमची." गोव्यात दोनापावलाच्या एनआयओत (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत) इंटर्नशिप, शंभर टक्के प्लेसमेंट, आणि मनात आलं तर मर्चंट नेव्हीतही जाता येईल. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक टाइपात लिहिलं होतं की हा अभ्यासक्रम परराज्यातल्या एका खासगी विद्यापीठाशी 'संलग्न' आहे.

या एका शब्दाकडे पुन्हा येते. आधी सांगते की आम्ही फसलो कशामुळे. इंजिनिअरिंगचं कॉलेज कसं असतं हे आमच्या वाडीत चार जणांना तरी ठाऊक आहे. नर्सिंगचं, डी.फार्मसीचंही ठाऊक आहे. ओशनोग्राफीचं कॉलेज कसं दिसतं हे कुणीच पाहिलेलं नव्हतं, म्हणून ते कसंही दिसलं तरी चालून गेलं.

ते दिसायला असं होतं : नवी मुंबईच्या एका नोडमध्ये टाइल्सच्या दुकानावर तिसरा मजला, दोन वर्गखोल्या, एक केबिन आणि 'लॅब'. लॅबमध्ये बीकर, परीक्षानळ्या, भिंतीवर महासागरांचा नकाशा. पहिल्या वर्षाची फी १,३५,००० आणि 'फील्ड किट'चे १८,०००. पतसंस्थेचं कर्ज काढलं आणि आईच्या पाटल्या गहाण पडल्या. किटमध्ये एक रिफ्रॅक्टोमीटर, एक थर्मामीटर, पीएच पेपर, एप्रन आणि संस्थेच्या नावाची सॅक. समुद्राच्या पाण्याचा एक थेंब टाकून क्षारता बघायचा तो रिफ्रॅक्टोमीटर बाजारात दोन हजारांच्या आत मिळतो. मला तेव्हा तो हातात घेतल्यावर आपण शास्त्रज्ञ झालो असंच वाटलं होतं, हेही कबूल करते.

वर्गात आम्ही बावीस जण. रायगडची तीन मुलं, दोघी पालघरच्या, बाकी घाटावरची, काहींनी तोवर समुद्र पाहिलाच नव्हता. सुरुवातीला चार शिक्षक होते, गणपतीनंतर दोन उरले. नोट्सच्या झेरॉक्स मिळायच्या.

त्या वर्षी दिवाळीला घरी गेले. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, म्हणजे अमावास्येला, पाणी पार होड्यांपर्यंत चढलेलं. मी ओटीवर नोट्स वाचत बसले होते आणि बाबांना कौतुकाने वाचून दाखवत होते. नोट्समध्ये होतं : पौर्णिमेला चंद्राचं आकर्षण सर्वांत जास्त असल्याने मोठी भरती येते आणि अमावास्येला चंद्र नसल्याने भरती सर्वांत लहान असते. बाबांनी समोरच्या पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अमावास्येचा उधाण तुझ्या सरान कधी बघूक नाय काय गो?"

कोकणातल्या कुठल्याही शेंबड्या पोराला माहीत असतं की उधाण पौर्णिमेला येतं तसंच अमावास्येलाही येतं, आणि अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. अमावास्येला चंद्र कुठे जात नाही, फक्त दिसत नाही. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका ओळीत आले की दोघांची ओढ एकत्र येते. अष्टमीला ते काटकोनात असतात, म्हणून जोर कमी पडतो. बाबा तर तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, साधारण सहाच्या सुमारास पूर्ण भरती. समुद्रविज्ञानाच्या पहिल्या सत्रातली नोट त्यांनी पाच सेकंदांत खोटी ठरवली.

आणि मी काय केलं, तर सरांची बाजू घेतली. म्हटलं, "बाबा, ते शास्त्रीय पद्धतीने वेगळं असतं." बाबा गप्प बसले. फसवणारा बाहेरचा होता हे खरं, पण त्या दिवशी ओटीवर त्याची वकिली मी केली.

जानेवारी २०२३ मध्ये 'रिसर्च क्रूझ' झाली, ६,५०० रुपये वेगळे. आम्हाला वाटलं सागर कन्या किंवा सिंधु साधना यांसारखं संशोधन जहाज निदान बघायला तरी मिळेल. प्रत्यक्षात मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून उरणजवळच्या मोऱ्याला जाणाऱ्या लाँचमध्ये बसवलं. भाजीच्या टोपल्या, बाइक, कामावरून परतणारी माणसं, आणि मध्ये एप्रन घातलेले आम्ही बावीस जण. काळ्या-पांढऱ्या रंगाची सेक्की तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडली. ती किती खोलीपर्यंत दिसते यावरून पाण्याचा गढूळपणा मोजतात. मुंबई बंदरातल्या पाण्यात ती सोडल्या सोडल्या दिसेनाशी झाली. शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय पडलं का गो तुमचं?" परतल्यावर 'ऑनबोर्ड अनुभवा'चं प्रमाणपत्र मिळालं. लॅमिनेट केलेलं.

सत्र परीक्षा संस्थेच्याच हॉलमध्ये झाल्या. गुणपत्रिका संस्थेच्याच लेटरहेडवर, वर 'तात्पुरती' असा शेरा. विचारलं की उत्तर ठरलेलं : विद्यापीठाकडे एनरोलमेंटचं काम चालू आहे, कोविडमुळे सगळं मागे पडलंय. २०२३ साली कोविडचं कारण! तरी दुसऱ्या वर्षाचे ७५,००० आणि ६०,००० आम्ही दोन हप्त्यांत भरले. अर्धं पाणी ओलांडलं की माणूस मागे फिरत नाही.

उलगडा झाला तो गोव्यात. ऑक्टोबर २०२३ मध्ये मी एका संशोधन संस्थेत हिवाळी इंटर्नशिपसाठी चौकशी करायला गेले आणि मावसबहिणीच्या ओळखीतून गोवा विद्यापीठात मरीन सायन्सेसचं एम.एस्सी. करणाऱ्या एका ताईला भेटले. ताळगावच्या पठारावर कँटीनमध्ये बसून तिने विचारलं, "सीटीडी हाताळलंय का?" मी म्हटलं, चित्र पाहिलंय. पाण्याची विद्युतवाहकता, तापमान आणि खोली मोजत खाली जाणारं ते यंत्र म्हणजे या विषयाची पाटी-पेन्सिल. भोवती बाटल्यांची चक्राकार चौकट असते, हव्या त्या खोलीवर एकेक बाटली बंद करून पाणी वर आणतात. ती मग म्हणाली, "मला बी.एस्सी.ला फिजिक्स होतं. तुला थेट ओशनोग्राफी कुठे मिळालं?" तिच्या आवाजात संशय नव्हता, कुतूहल होतं. त्यामुळेच ते जास्त लागलं.

तिने समजावलं ते इथे लिहिते, कारण मेळाव्यात ते कुणी सांगत नाही. आपल्याकडे समुद्रविज्ञान मुख्यतः एम.एस्सी.पासून सुरू होतं. समुद्राचा वेगळा असा काही नियम नसतो. लाटा, प्रवाह म्हणजे भौतिकशास्त्र आणि गणित, क्षार आणि वायू म्हणजे रसायन, पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव (प्लवक) म्हणजे जीवशास्त्र, तळाचा गाळ म्हणजे भूशास्त्र. म्हणून आधी यातल्या एखाद्या विषयात साधी बी.एस्सी. करायची आणि मग गोवा विद्यापीठ, कोचीनचं कुसॅट विद्यापीठ, विशाखापट्टणमचं आंध्र विद्यापीठ अशा ठिकाणी जायचं. बी.एस्सी.चा विषय कोणता, यावर पुढची दारं ठरतात. बारावीनंतर लगेच समुद्राजवळचं काही हवं असेल तर आमच्याच कोकणात रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं, चार वर्षांचं बी.एफ.एस्सी. आयआयटी खरगपूरला ओशन इंजिनिअरिंगचं बी.टेक. आहे, पण ते इंजिनिअरिंग. मर्चंट नेव्हीचा तर याच्याशी संबंधच नाही. तिथे डीजी शिपिंगने, म्हणजे केंद्राच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाने, मान्यता दिलेलं प्रशिक्षण लागतं. आणि हो, बी.एस्सी. ओशनोग्राफी नावाची पदवी जगात आहे, इंग्लंडच्या साउथॅम्प्टनला रीतसर मिळते. त्यामुळे कुडाळचे सर पूर्ण खोटं बोलत नव्हते. पदवी खरी होती, फक्त ती टाइल्सच्या दुकानावर मिळत नव्हती.

त्या रात्री मी विद्यापीठाच्या कुलसचिवांना ईमेल केली, संस्थेने दिलेला एनरोलमेंट नंबर टाकून. नऊ दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. असा अभ्यासक्रम आम्ही चालवत नाही. सदर क्रमांक आमच्या नोंदीत नाही.

आता तो शब्द. पुढे वकिलांनी सांगितलं की यूजीसीच्या २००३ च्या नियमांनुसार खासगी विद्यापीठ कुठल्याही कॉलेजला संलग्नता देऊच शकत नाही. मुंबई विद्यापीठाला शेकडो कॉलेजं संलग्न असतात, तसं खासगी विद्यापीठाचं नसतं. म्हणजे खासगी विद्यापीठ आणि 'संलग्न' हे दोन शब्द एका ओळीत आले, तिथेच माहितीपत्रक मिटायचं होतं. त्यांनी छत्तीसगडची गोष्टही सांगितली. तिथे २००२ च्या एका कायद्याखाली शंभराहून जास्त खासगी विद्यापीठं निघाली, काहींना धड इमारतही नव्हती. शास्त्रज्ञ प्रा. यशपाल सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००५ मध्ये ती मोडीत निघाली. मी तेव्हा अंगणवाडीतही नव्हते.

संस्थेत जाऊन दाखला मागितला, तर एलसी आणि बारावीची मूळ गुणपत्रिका त्यांच्याकडे. "तिसऱ्या वर्षाची फी भरा, मग देऊ." मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायची नाहीत, असं यूजीसीने २०१८ मध्येच बजावलंय. पण ते विद्यापीठांना आणि कॉलेजांना, आणि ही तर दोन्ही नव्हती. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी "हा दिवाणी मामला आहे" असं ऐकलं. दुसऱ्या दिवशी अर्ज टाइप करून नेला, तेव्हाचं फसवणुकीचं कलम ४२० लिहून, कुलसचिवांची ईमेल जोडून, आणि पोच घेतल्याशिवाय हललो नाही. त्या पोचेची झेरॉक्स संस्थेत दाखवली, तेव्हा अर्ध्या तासात एलसी मिळाली. बावीस जणांपैकी अर्जावर सह्या सात जणांच्या. बाकीच्यांच्या घरी अजून 'तात्पुरत्या' गुणपत्रिकेवर विश्वास होता, किंवा लाज होती.

पैशांपोटी ५०,००० चे दोन चेक दिले. पहिला वटला. दुसरा परत आला. केबिनमधले सर म्हणाले, "थांबा काका, पुढच्या महिन्यात टाका." बाबा थांबले. वकिलाकडे गेलो तेव्हा चेक परत आल्याला ४७ दिवस झाले होते. चेक न वटल्याचा खटला भरायचा तर नोटीस ३० दिवसांच्या आत जायला हवी होती, आणि चेकची तीन महिन्यांची मुदतही संपली होती. थांबा म्हणणाऱ्याला हे दिवस नेमके माहीत होते.

सध्या मी कॉलेजात फिजिक्स घेऊन बी.एस्सी. करते आहे, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान मुलांबरोबर. पतसंस्थेचा हप्ता चालू आहे. पोलिसांकडचा अर्ज 'चौकशीवर' आहे. तिसऱ्या मजल्यावरचा बोर्ड उतरला.

गेल्या मे महिन्यात वेंगुर्ल्याहून बाबांच्या ओळखीच्या एका तांडेलांचा, म्हणजे होडीच्या प्रमुखाचा, फोन आला. मुलाला कुठे घालावं विचारत होते. व्हॉट्सअॅपवर माहितीपत्रक पाठवलं होतं. संस्थेचं नाव नवीन, कोर्सचं नाव नवीन, जहाजाचा फोटो तोच. बाबांनी फोन माझ्या हातात दिला नाही. स्वतःच विचारलं, "पैशे भरलात काय? नाय मा? मग आधी त्या विद्यापीठाक चिठी घाला. आमचा चेडू लिवन देयत."