कुरणावर उशिरा टाकलेला युरिया : तीन दसऱ्यांचा अनुभव

वस्तू अगदी साधी आहे. नीमकोटेड युरिया, ४५ किलोचं पोतं, वर छापील किंमत २६६ रुपये ५० पैसे. गव्हाला, भाताला, उसाला तो सगळेच घालतात. मी तो तीन वर्षं चराऊ गवतावर घातला, तेही पावसाळा सरता सरता, दसऱ्याच्या आगेमागे टाकायचा बेत करून. एकदा फार चांगला उपयोग झाला, एकदा पोतं अक्षरशः हवेत गेलं, आणि एकदा गवत चांगलं येऊनही एक रात्र जागून काढावी लागली. ज्यांच्याकडे दोन-चार गाई आणि थोडं कुरण आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आम्ही ग्वाल्हेरचे. घर शहरातल्या लष्कर भागात, शेत भितरवारच्या रस्त्याला. सासऱ्यांच्या वेळेपासून अकरा-बारा गाई असतातच. गुंठ्यांत मोजणाऱ्यांसाठी सांगते, आमच्याकडचे पाच बीघे म्हणजे साधारण एक हेक्टर. तेवढंच आमचं कुरण. चार बीघ्यांत अंजन आणि मारवेल ही गवतं, पाचव्यात स्टायलो हा शेंगवर्गातला चारा मिसळलेलं गवत. बांधाला गिनी गवताचे ठोंब आहेत. ते झाशीच्या चारा संशोधन संस्थेचं वाण, बुंदेल गिनी. झाशी इथून शंभरेक किलोमीटर, त्यामुळे अशा गोष्टी आम्हाला सोप्या पडतात.

आमची अडचण दरवर्षी ठरलेली. ऑगस्टमध्ये गवत गुरांच्या पोटाला टेकतं, खाऊन संपत नाही. सप्टेंबरअखेर पाऊस परततो, गवत फुलोऱ्यात येऊन राठ होतं आणि दिवाळीपर्यंत त्यात सत्त्व म्हणून उरत नाही. पिकून वाळलेल्या गवतात प्रथिनं तीन-चार टक्क्यांवर येतात. सात टक्क्यांच्या खाली गेलं की गाईच्या पोटातले जिवाणूच मंदावतात, चारा पुढे सरकत नाही. गाय दिवसभर चरते आणि तरी खंगते. मग मोहरीची पेंड आणि गव्हाचा भुसा विकत घ्यायचा. दिवाळीच्या सुमारास भुसा आम्हाला सहा रुपये किलोने पडला होता. म्हणून डोक्यात आलं की सप्टेंबरमध्ये गवत एकदा कापून घ्यावं, जमिनीत ओल आहे तोवर थोडं नत्र (नायट्रोजन) द्यावं आणि दिवाळीपर्यंत कोवळी फूट मिळवावी.

पहिल्या वर्षी २६ सप्टेंबरला गवत चार बोटं ठेवून कापलं. २८ तारखेला दुपारी आभाळ भरून आलं, तेव्हा एक पोतं चार बीघ्यांवर फोकलं. स्टायलोचा बीघा मुद्दाम सोडला. युरियात नत्र ४६ टक्के, त्या हिशोबाने एका पोत्यात जेमतेम एकवीस किलो नत्र, म्हणजे हेक्टरी २६ किलोच्या आसपास. चार बीघ्यांच्या मधोमध दहा पावलांची एक पट्टी कोरी ठेवली, तुलनेला. रात्री तासभर पाऊस झाला. सकाळी जाऊन बघितलं तर एक दाणा वर दिसत नव्हता.

लोहाराकडून सळईची एक चौकट करून घेतली होती, मीटरभर लांब, मीटरभर रुंद. चौतीस दिवसांनी ती पाच ठिकाणी टाकून आतलं गवत कापलं, गच्चीवर कडक वाळवलं आणि तराजूवर घातलं. खत घातलेल्या भागात सरासरी १२३ ग्रॅम, कोऱ्या पट्टीत ८७. फरक छत्तीस ग्रॅमचा. ऐकायला किरकोळ वाटतो, पण चार बीघ्यांवर तो पावणेतीनशे किलोच्या वर वाळला चारा होतो, एक किलो नत्रामागे चौदा किलो. तेवढा भुसा घ्यायचा तर सतराशे रुपये लागले असते. माझा खर्च पोत्याचा आणि चारशे रुपये मजुरीचा. पण वजनापेक्षा मला पान आवडलं. कोऱ्या पट्टीतलं अंजन पिवळसर, काडीवर आलेलं. शेजारचं गर्द हिरवं, हातात धरलं तर मऊ. गाई चौकटीच्या खुणा ओलांडून नेमक्या तिकडेच जात होत्या.

दुसऱ्या वर्षी मी चूक केली आणि ती लिहायलाच हवी. आमच्याकडे ऑक्टोबर म्हणजे मोहरीच्या पेरणीची घाई. खताच्या दुकानासमोर पहाटेपासून रांग, आधार, अंगठा, मशीन. गवतासाठी खत मागणाऱ्या बाईला कोण पुढे घेणार? एका दुकानात युरियाबरोबर झिंकची पिशवी घ्यावीच लागेल म्हणाले. मी घेतली नाही, परत आले. पोतं हाती येईपर्यंत ४ नोव्हेंबर उजाडला. पाऊस कधीच गेला होता, कालव्याचं पाणी आमच्या फाट्याला यायला अवकाश होता. पण पहाटे दंव भरपूर पडत होतं. मला वाटलं, दंवाने विरघळेल, सकाळी सकाळीच टाकून घेऊ.

यापेक्षा वाईट वेळ निवडता आली नसती. ओल्या पानाला दाणा चिकटतो, तिथेच विरघळतो आणि पान जाळतो. जो दाणा खाली पडतो तो काडीकचऱ्यावर ओला होतो. जमिनीत मुरण्याइतकं पाणी मात्र त्याला मिळत नाही. युरियाचा अमोनिया करणारं विकर (एन्झाइम) त्या कुजक्या काडीत खच्चून भरलेलं असतं. तिसऱ्या दिवशी दुपारी आमचा राखणदार म्हणाला, "बाई साहब, खेत में से बास आ रही है।" मी वाकून नाक जवळ नेलं. घोड्याच्या पागेत यावा तसा झोंबरा वास. ते माझं खत होतं, उडून चाललेलं. पानांची टोकं तपकिरी झाली होती, बोटाने चुरगळली की मोडत होती.

नीमकोटेडबद्दल माझा जो गैरसमज होता तो तेव्हा दूर झाला. २०१५ पासून देशातला युरिया निंबोळी तेलाचा लेप देऊनच येतो, दाणा किंचित पिवळट दिसतो, हाताला कडवट वास राहतो. लेप दिलेला म्हणजे उडणार नाही असं मी धरून चालले होते. तसं नाही. निंबोळीचा लेप अमोनियाचं नायट्रेट होणं लांबवतो, म्हणून नत्र जमिनीत जास्त दिवस टिकतं, पाण्याबरोबर खाली निसटत नाही. युरियाचा अमोनिया होऊन हवेत जाणं तो थांबवत नाही. त्यावर आमच्या हातातला उपाय एकच, पाणी. टाकल्यापासून एक-दोन दिवसांत चांगली सर किंवा एक पाळी पाणी मिळायला हवं.

शिवाय थंडी. अंजन, मारवेल, गिनी ही सगळी उष्ण हवेची गवतं. पारा पंधराच्या खाली उतरू लागला की ती थांबतात, आणि ग्वाल्हेरची थंडी तुम्हाला ठाऊक असेल. नोव्हेंबर सरताना रात्री दहाच्या खाली जातात. डिसेंबरात चौकट टाकली तर दोन्हीकडचं वजन सारखंच भरलं. त्या वर्षीचं पोतं पूर्ण वाया.

माझा भाचा आयर्लंडमध्ये असतो. त्याच्याशी बोलताना कळलं की तिकडे सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत, काही भागांत त्याहूनही पुढे, गवतावर रासायनिक नत्र टाकायला कायद्यानेच बंदी आहे. दिवस लहान होतात, गवत कमी उचलतं, आणि उरलेलं नत्र हिवाळ्याच्या पावसात नदीत जातं. शेतकरी शेवटची मात्रा त्याआधी देऊन चराई लांबवतात. मला हे ऐकून फार बरं वाटलं. त्यांचं नत्र पाण्यात जातं, आमचं हवेत, पण गवत उचलणार नसेल तेव्हा टाकू नये ही गोष्ट दोन्हीकडे तीच.

तिसऱ्या वर्षी तारीख सांभाळली. २४ सप्टेंबरला कापणी, २५ला खत, दुसऱ्या दिवशी परतीच्या पावसाची सर. फूट सुरेख आली. पण नवव्या दिवशी संध्याकाळी कुंपणाचा एक बांबू सरकला आणि चार गाई आत शिरल्या. किती वेळ होत्या ते नक्की कळलं नाही, तासभर तरी असतील. त्यात गौरी आठ महिन्यांची गाभण.

मी गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी शांतपणे समजावलं. खत दिल्यावर गवत नायट्रेट भराभर ओढून घेतं, पण त्याचं प्रथिन व्हायला ऊन आणि दिवस लागतात. त्याआधी भुकेल्या गाईने पोटभर खाल्लं तर पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तात उतरतं आणि रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. रक्ताचा रंग चॉकलेटसारखा होतो. गाय धापा टाकते, झोकांड्या खाते. इंजेक्शन आहे, मिथिलीन ब्लूचं, पण ते वेळेत मिळायला हवं. दोन-तीन दिवस आभाळ राहिलं असेल तर धोका जास्त, आणि आमच्याकडे राहिलं होतं. डॉक्टर म्हणाले, "मी निघतोय. तोवर दर अर्ध्या तासाने ओठ उचलून हिरड्या बघा."

मग मी आणि भावजी विजेरी घेऊन दावणीत बसलो. गौरीचा वरचा ओठ अंगठ्याने वर करायचा, हिरडीवर उजेड टाकायचा. गुलाबी आहे का, की मातकट होते आहे? पिवळ्या उजेडात काही नीट कळेना, तेव्हा भावजींनी मोबाइलचा पांढरा दिवा धरला. गुलाबी. चंदाची गुलाबी. डॉक्टर आले, चौघींना तपासून गेले. गाई दुपारी भुसा खाऊन होत्या, म्हणून आत शिरल्या तरी हावरेपणाने चरल्या नसाव्यात, असं त्यांचं म्हणणं. पहाटे गौरी रवंथ करायला लागली तेव्हा माझे हात थरथरायचे थांबले.

तेव्हापासून खत दिल्यावर कुरणाला एकवीस दिवस कुलूप. चौथ्या आठवड्यात गाई सोडायच्या, त्याही आधी भुसा घालून आणि पहिले तीन दिवस तास-दीड तासच. पान बुडापासून खरवडू द्यायचं नाही, कारण नायट्रेट खालच्या काडीत जास्त साठतं. हे पोत्यावर छापलेलं नसतं आणि दुकानदारही सांगत नाही, पण कुरणासाठी खत घेणाऱ्याला सर्वांत आधी हेच सांगायला हवं.

स्टायलोच्या बीघ्याबद्दल दोन शब्द. तिथे मी आजवर युरिया घातलेला नाही आणि घालणारही नाही. स्टायलो शेंगवर्गातलं, हवेतलं नत्र स्वतः बांधतं. खत दिलं की शेजारचं गवत उसळून त्याच्यावर सावली धरतं आणि हळूहळू स्टायलो दिसेनासं होतं. तिन्ही वर्षं दिवाळीत सर्वांत जास्त वेळ हिरवा राहिलेला तुकडा तोच होता. पुढच्या पावसाळ्यात आणखी एका बीघ्यात स्टायलोचं बी टाकणार आहे.

तर घ्यावं का? कुरणात कापणीनंतर जिवंत ठोंब दाट असतील, जमिनीत वीतभर खोल ओल असेल, पुढे महिनाभर उबदार दिवस असतील आणि गुरं तीन आठवडे दुसरीकडे ठेवता येत असतील, तर चार-पाच बीघ्यांना एक पोतं जरूर घ्या. या किमतीत एवढा चारा दुसरीकडून येत नाही. दोन पोती टाकू नका. उशिराच्या गवताला तेवढं उचलायला दिवस उरत नाहीत आणि नायट्रेटची भीती वाढते. इंदूर-बडोद्याकडे थंडी आमच्याहून सौम्य, तिथे आठवडाभर पुढे-मागे चालेल. ग्वाल्हेर, झाशी, मुरैना या पट्ट्यात मात्र ऑक्टोबरचा पहिला आठवडा टळला आणि हाताशी पाणी नसेल, तर पोतं गव्हासाठी ठेवा.

या वर्षी मी पोतं ऑगस्टमध्येच आणून ठेवलं आहे, रांग लागायच्या आत. ओल धरून गोळे होऊ नयेत म्हणून कोठीत फळ्यांवर ठेवलंय, वर ताडपत्री, आणि गाई-वासरांचं तोंड पोचणार नाही अशा कोपऱ्यात. कुंपणाचे बांबू काल दोघांनी मिळून पुन्हा तारेने आवळले.