फियाटला इलेक्ट्रिक पेट्रोल पंप: एक उन्हाळा, एक पावसाळा वापरून

पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट, बाळगणाऱ्यांना खंबाटकी घाटातला ओला फडका समजावून सांगायला नको. टाकीतलं पेट्रोल ओढणारा मूळचा पंप इंजिनाच्या अंगालाच चिकटलेला. मे महिन्यात घाट चढला की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि कार्बोरेटर, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा भाग, उपाशी राहतो. पंपावर फडका टाकायचा, बाटलीतलं पाणी ओतायचं, बॉनेट उघडं ठेवून झाडाखाली थांबायचं. फुकटातला इलाज. तेवढ्यासाठी मी खिशात हात घातलाच नसता.

घालायला लावला डायफ्रामने, म्हणजे त्या पंपातल्या लवचीक पडद्याने. ऑइल मोजायची डिपस्टिक ओढली तर ऑइल न भरताच पातळी वर आणि वास पेट्रोलचा. डायफ्राम फाटला की पेट्रोल थेट ऑइल चेंबरात उतरतं, ऑइल पाण्यासारखं होतं आणि बेअरिंगं धोक्यात येतात. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आल्यापासून बाजारातली डायफ्रामची किटं माझ्याकडे टिकत नाहीत. दर वेळी किट, नवं ऑइल आणि मजुरी. त्यापेक्षा कार्बोरेटरच्या गाड्यांना चालणारा छोटा इलेक्ट्रिक पंप मागवला.

हा पंप ढकलण्यात पटाईत, ओढण्यात कच्चा. म्हणून बॉनेटखाली नाही, मागे टाकीजवळ आणि टाकीच्या पातळीखाली बसवायचा. जुना काढला की उरलेलं भोक पट्टी आणि गॅस्केट लावून बंद करायचं. मिस्त्रीने रिले आणि ऑइल प्रेशरचा स्विच लावला, म्हणजे इंजिन बंद पडलं की पंपही बंद. हे टाळू नका. धडक बसून नळी तुटली आणि चावी चालू राहिली, तर पंप रस्त्यावर पेट्रोल ओतत बसेल. पंपाच्या खोक्यात यातलं काहीच नव्हतं, सगळं वेगळं घ्यावं लागलं.

आता आवाज. टिकटिकटिकटिक! इंजिन सुरू झालं की सीटखालून सुरू. पहिल्या आठवड्यात रेडिओ मोठा केला, मग पंपाखाली रबरी बुश घातले. मागे बसलेल्या मामांनी विचारलं, "डिकीत घड्याळाचं दुकान टाकलंस का रे?" उन्हाळ्यात गाडी घाटात एकदाही थांबली नाही, तरी या आवाजापायी मी पाचपैकी दोनच तारे देणार होतो.

पावसाळ्यात मत फिरलं. ऑइल प्रेशरच्या स्विचला बगल देणारं एक बटण मिस्त्रीने चाचणीसाठी ठेवलंय. इंजिन सुरू न करता ते दाबलं की टिकटिक आधी भराभर होते, कार्बोरेटरमधली पेट्रोलची वाटी, म्हणजे फ्लोट चेंबर, भरली की मंदावते. एका सकाळी ती मंदावेचना. म्हणजे मुख्य शक्यता दोन: वाटी भरल्यावर पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई नीट बसत नाहीये, किंवा पंप हवा ओढतोय. कार्बोरेटर वरून ओला नव्हता, पेट्रोलचा वासही नव्हता, म्हणून थेट गाडीखाली शिरलो. टाकी ते पंप ही वीतभर रबरी नळी चिरलेली. जुना पंप असता तर हे मला रस्त्यातच कळलं असतं, तेही बंद पडल्यावर. नळी इथेनॉलला चालणारी घातली. बुश काढून टाकले, आवाज नीट ऐकू यायला हवा.

दुसरा फायदा निदानाचा. तापलेली गाडी बंद पडली की सगळे पेट्रोलला दोष देतात, पण तापल्यावर ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेतला कंडेन्सर किंवा कॉइल दगा देते तेव्हाही लक्षणं हीच असतात. आता इंजिन गार झालं की कार्बोरेटरची नळी काढून बाटलीत धरायची आणि बटण दाबायचं. धार आली तर पंपाला सोडा, पॉइंट आणि स्पार्क बघा. स्टार्टर मारून बॅटरी उतरवायला नको.

विक्रेत्याबद्दल मात्र मत बदललेलं नाही. खोक्यावर तीन पीएसआय छापलेलं, गेज लावलं तर काटा सहाजवळ. एवढ्या दाबाने फ्लोटची सुई जागेवरून ढकलली जाते आणि कार्बोरेटर ओसंडतो. फोन केला तर "लावून बघा, चालतं" असं उत्तर. लावल्याशिवाय दाब कळणार कसा? लावला म्हणून परत घेणार नाही म्हणाले. शेवटी दाब कमी करणारा रेग्युलेटर माझ्याच पैशाने आला, जवळजवळ पंपाच्याच किमतीत. पंपाला चार तारे, दुकानाला एकही नाही. घेणार असाल तर समोर गेज लावून दाब दाखवेल अशाच दुकानातून घ्या. आणि भंगारातला इंजेक्शनच्या गाडीचा पंप कोणी स्वस्तात देऊ केला तर हातही लावू नका, तो चाळीस पीएसआयच्या वर दाब टाकतो.