व्हाइस ग्रिप: स्क्रूवाली की स्वतः जुळणारी, आणि बाहेरून मागवायची तर कोणत्या कस्टम्स कोडखाली?

गोल झालेला नट, तुटका स्टड, वेल्डिंगआधी जुळवून धरायच्या दोन पट्ट्या. व्हाइस ग्रिप, म्हणजे दाबली की लॉक होऊन राहणारी पक्कड, कशाला लागते हे वेगळं सांगायला नको. घेताना अडतं ते एवढ्यावरच, की मागच्या दांड्यात स्क्रू असलेली जुनी जात घ्यावी, की दाबली की जाडीप्रमाणे स्वतः जुळणारी नवी. घाटावरच्या कोरड्या हवेत उत्तर कदाचित वेगळं येईल. कोकण किनाऱ्यावरच्या मिरकरवाडा, हर्णे, मालवण या पट्ट्यात बोटींची कामं करणाऱ्यांसाठी माझा कल स्क्रूवालीकडे आहे.

आधी नवीची बाजू मांडतो, कारण ती कमजोर नाही. एका हाताने पाइप धरलाय, दुसऱ्या हातात पक्कड. अशा वेळी स्क्रू फिरवायला तिसरा हात लागतो. स्वतः जुळणारीत दांड्याच्या आत स्प्रिंगवर सरकणारी पाचर असते. काम अर्ध्या इंचाचं असो की दीड इंचाचं, ती आपली जागा शोधते. बारीक स्क्रूने एकदा जोर ठरवला की प्रत्येक पकड जवळपास तेवढ्याच जोराची. वेगवेगळ्या जाडीचे पत्रे एकामागून एक धरायचे असतील तर ही पक्कड खरंच वेळ वाचवते. निमुळत्या किंवा फार गोल तुकड्यावर मात्र ती कधी कधी अर्धवट जुळून घसरते, आणि गंजलेल्या नटाला शेवटचा जो जबर चावा लागतो तो स्क्रूवालीइतका देत नाही, असा माझा अनुभव. इंजिन उघडं नसेल, काम पत्र्याचं असेल, तर नवीच घ्या.

मला ती नको वाटते ती त्या पाचरेमुळेच. पाचर बंद दांड्यात, रिव्हेट मारलेली. खारी हवा, ग्राइंडरची धूळ आणि जुनं ग्रीस मिळून आत चिकट लगद्यासारखं काहीतरी तयार होतं. मग पाचर एकतर अडकते किंवा जोर आला की सरकते. सरकली तर पक्कड नटावरून सुटते आणि बोटं इंजिनाच्या धारेवर आपटतात. उघडून साफ करायची सोय नाही. बाहेरून तेल सोडलं की चार दिवस बरी चालते, पण त्या तेलावर धूळ आणखी बसते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हाच बोटींची बहुतेक कामं निघतात, आणि नेमकी तेव्हाच हवा सगळ्यात ओली. ऐन हंगामात हत्यार रुसलं तर उपयोग काय?

स्क्रूवालीलाही गंज लागतो, नाही असं नाही. दांड्यातला स्क्रू जाम होतो ही तिची ठरलेली तक्रार. फरक इतकाच की तो स्क्रू पूर्ण फिरवून बाहेर काढता येतो. आटे तारेच्या ब्रशने घासा, दांड्यातली आट्यांची नळी कापडाने पुसा, जाड ग्रीस लावून परत बसवा. पातळ तेल नको, ते खाऱ्या हवेत टिकत नाही. दोन्ही दांड्यांच्या सांध्यावर मात्र तेलाचे दोन थेंब पुरे. काम संपल्यावर स्क्रू दोन-तीन फेरे सैल करून पक्कड उघडी टांगून ठेवावी, म्हणजे स्प्रिंगवर ताण राहत नाही.

लावण्याची रीत लहानशी, पण तिथेच चुकतं. दांडे बंद करून जबडा कामावर टेकवा, स्क्रू टेकेपर्यंत फिरवा. मग पक्कड उघडा, स्क्रू आणखी अर्धा फेरा आत घ्या आणि दाबून लॉक करा. तळहाताला चांगला जोर लागला पाहिजे, पण दोन्ही हातांनी दाबावं लागत असेल तर स्क्रू जास्त आत गेलाय. अशी लॉक केलेली पक्कड सोडायचा खटका हलत नाही, मग लोक हातोडी मारतात आणि खटक्याची पिन वाकते. पितळी फिटिंगवर दातेरी जबडा थेट लावू नका, मध्ये ॲल्युमिनियमची पट्टी घाला.

ही रचना जुनी आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्कातला डी-विट गावचा लोहार विल्यम पीटरसन याने लॉक होणाऱ्या दांड्याचं पेटंट १९२४ साली घेतलं, आणि एका हाताने सोडायचा खटका १९५७ मध्ये आला. तेव्हापासून आतली कल्पना तीच, सांधा मध्यरेषेच्या थोडा पलीकडे जातो म्हणून पक्कड उघडत नाही. साधी आहे म्हणूनच दुरुस्त होते.

आता बाहेरून मागवण्याची गोष्ट. एखाद-दुसरी पक्कड हवी असेल तर रत्नागिरीच्या हार्डवेअरच्या दुकानातली बरी. खोकंभर मागवायचं असेल, माल न्हावा-शेव्याला उतरणार असेल, तर कस्टम्सचा टॅरिफ कोड, म्हणजे ज्यावरून आयातीवरचा कर ठरतो तो आकडा, आधीच ठरवा. १९६२ च्या कस्टम्स कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कर-आकारणी आयातदारालाच स्वतः करावी लागते. कस्टम्सचे कागद भरणारा ब्रोकर सही करतो, जबाबदारी आपली.

स्क्रूवाली असो की स्वतः जुळणारी, कोड एकच, ८२०३ २० ००, म्हणजे पक्कड, कटिंग पक्कड, चिमटे वगैरे. जबडा कसा जुळतो याने फरक पडत नाही. मुळाशी तार कापायची धार असली तरी नाही, कारण कटिंग पक्कड त्याच ओळीत आहे. गुंता जबड्याच्या आकाराने होतो. मोठ्या सी-आकाराच्या लॉकिंग क्लॅम्पचं काम धरून ठेवण्याचं, त्यामुळे ८२०५ ७० ०० (व्हाइस, क्लॅम्प वगैरे) हा दावा उभा राहतो. मूळ रचना पक्कडीची म्हणून ८२०३ चाही. या जातीत पैसा मोठा असेल तर कस्टम्स ॲडव्हान्स रुलिंग प्राधिकरणाकडून आधी निर्णय घ्यावा. मुंबईतही त्याचं पीठ आहे.

दुसरी अडचण सेटची. पक्कड आणि सी-क्लॅम्प एकाच रिटेल पाकिटात आले, किंवा सोबत पाना आला, तर ८२०२ ते ८२०५ मधल्या दोन हेडिंगची (हेडिंग म्हणजे कोडचे पहिले चार आकडे) हत्यारं एकत्र झाली आणि सेट ८२०६ मध्ये गेला. दोन मापांच्या पक्कडी एका पाऊचमध्ये असतील तर दोन्ही ८२०३ च्याच, तिथे ८२०६ चा प्रश्न नाही. म्हणून माझा सल्ला, सरसकट पक्कडीच मागवा, क्लॅम्प वेगळे. इनव्हॉइसवर नुसतं ‘हँड टूल्स’ नको. ‘लॉकिंग प्लायर, वक्र जबडा, १० इंच, हाताने चालणारी, स्क्रूने जुळणारी’ एवढं लिहून घ्या. वर्णनच खोटं निघालं तर त्याच कायद्याचं कलम १११(एम) लागू शकतं आणि माल जप्तीपर्यंत जातो.

वैयक्तिक वापरासाठी पोस्टाने किंवा विमानाने आलेला माल ९८०४ मध्ये बसतो, तिथे हत्याराचा मूळ कोड बघत नाहीत. पण वर्कशॉपसाठी आणलेला माल वैयक्तिक वापराचा म्हणून दाखवू नका. दर बजेटगणिक बदलतात, बिल ऑफ एन्ट्री (आयातीचं कस्टम्सला द्यायचं विवरण) भरण्याच्या दिवशीचाच बघा.

सुट्या स्प्रिंगा मागवल्या तर त्या पक्कडीच्या सुट्या भागांत जात नाहीत. सर्वसाधारण वापराचे भाग म्हणून स्प्रिंग ७३२० मध्ये आणि साधे स्क्रू ७३१८ मध्ये. पक्कडीसोबतच थोड्या जास्तीच्या स्प्रिंगा मागवून इनव्हॉइसवर वेगळी ओळ घालून घ्या. खाऱ्या हवेत आधी मोडते ती स्प्रिंगच.